शेरिडन: खोगिरांचे शहर आणि एक खानसाहेब



अमेरिका म्हटले की आपल्याकडे ठरावीक चार-पाच नावे निघतात. कुणाचा भाचा न्यू जर्सीत असतो, कुणाची मुलगी ह्यूस्टनला, कुणाचे जावई शिकागोला. या महिन्यात आम्ही तुम्हाला अशा एका शहरात नेणार आहोत, जिथे तुमच्यापैकी कुणाचे नातलग असण्याची शक्यता फार कमी आहे. तरीही आपल्या उपखंडातला एक मुसलमान माणूस तिथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जाऊन राहिला, आणि सगळ्या शहराला त्याने जेवू घातले. शहराचे नाव आहे शेरिडन. राज्य वायोमिंग.

आधी मुलांना नकाशा घेऊन बसायला सांगा. अमेरिकेच्या पश्चिम भागात, वरच्या बाजूला, एक जवळजवळ चौकोनी राज्य दिसेल. ते वायोमिंग. त्याच्या उत्तर सीमेवर, मोंटाना राज्याला लागून शेरिडन आहे. वायोमिंगचे क्षेत्रफळ सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाच भागांतले चार भाग. आणि लोकसंख्या? २०२०च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहरात याहून जास्त माणसे राहतात. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांत सर्वांत कमी वस्तीचे राज्य हेच. शेरिडनची वस्ती त्याच जनगणनेत पावणेएकोणीस हजारांच्या जवळ होती.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३७०० फुटांवर आहे. महाबळेश्वरपेक्षा थोडे कमी. पण पश्चिमेला मान वर केली की बिगहॉर्न पर्वताची रांग उभी दिसते. तिचे सर्वांत उंच शिखर क्लाउड पीक १३,१६७ फुटांचे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट. पर्वतावरून उतरणारे बिग गूस आणि लिटल गूस हे दोन ओढे शहरातच एकमेकांना मिळतात. पूर्वेकडून यलोस्टोन या जगप्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानाकडे जाणाऱ्या प्रवाशांना शेरिडन वाटेत लागते. बरेचसे लोक गाडीत पेट्रोल भरतात, काहीतरी खातात आणि पुढे निघून जातात. एक-दोन दिवस जे थांबतात, त्यांना काय पाहायला मिळते ते आता सांगतो.

पहिले ठिकाण शेरिडन इन. १८९२ साली इथे रेल्वे आली आणि पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, स्टेशनासमोर हे लाकडी हॉटेल उघडले. याच्या उतरत्या छपरातून बाहेर डोकावणाऱ्या खिडक्यांवर छोटी त्रिकोणी छपरे आहेत आणि ती मोजली तर भरतात एकोणसत्तर. म्हणून त्याला ‘६९ त्रिकोणी छपरांचे घर’ म्हणून ओळखतात. बफेलो बिल या नावाने गाजलेले विल्यम कोडी यांचे घोडेस्वारांचे आणि नेमबाजांचे खेळ जगभर फिरत असत. या हॉटेलाच्या ऐसपैस ओसरीत बसून ते नवे स्वार पारखून घेत, असे सांगतात.

आम्हाला मात्र या हॉटेलातली दुसरी एक व्यक्ती अधिक लक्षात राहते. केट आर्नल्ड ही तरुणी १९०१ साली इथे कामाला लागली. शिवणकाम, साफसफाई, फुलांची मांडणी, पाहुण्यांची देखभाल, जे पडेल ते काम तिने केले. १९६५ पर्यंत, म्हणजे सलग चौसष्ट वर्षे. सगळे गाव तिला ‘मिस केट’ म्हणत असे. ती वारली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिच्या अस्थींची राख तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीच्या भिंतीत ठेवण्यात आली. आपला दफनाचा रिवाज वेगळा आहे. पण चौसष्ट वर्षे ज्या घराची झाडलोट केली त्या घरातून मेल्यावरही जायचे नाही, ही ओढ आपल्या घरातल्या कुठल्याही आजीला समजेल.

दुसरे ठिकाण ट्रेल एंड, म्हणजे ‘वाटेचा शेवट’. ही जॉन केंड्रिक यांची हवेली. केंड्रिक टेक्सासचे. लहानपणीच आईवडील गेले. १८७९ साली गुरांचे मोठे कळप हाकत ते इतक्या उत्तरेला आले. गुराख्याचे गुरांचे मालक झाले, पुढे वायोमिंगचे गव्हर्नर आणि त्यानंतर १९१७ पासून १९३३ मध्ये मृत्यू येईपर्यंत वॉशिंग्टनमध्ये सिनेटर. १९०८ ते १९१३ या काळात बांधलेल्या या हवेलीत भिंतीत बसवलेली धूळ ओढण्याची यंत्रणा होती, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलण्याची सोय होती आणि तिसऱ्या मजल्यावर समारंभाचे मोठे दालन होते. आज हवेली सरकारी स्मारक आहे आणि तिकीट काढून कुणालाही आत जाता येते. केंड्रिक यांचेच नाव दिलेली बाग जवळ आहे. तिथे कुंपणाआड बायसन, म्हणजे आपल्या गव्याचा केसाळ चुलतभाऊ, आणि एल्क नावाची मोठी हरणे दिसतात. लहान मुलांना घेऊन संध्याकाळी जावे अशी ही जागा.

तिसरे ठिकाण बाजारपेठेच्या मुख्य रस्त्यावर आहे. किंग्ज सॅडलरी. सॅडल म्हणजे घोड्याचे खोगीर, जीन. डॉन किंग हे कारागीर चामड्यावर रानगुलाबाची नक्षी कोरत. फुले एकमेकांत गुंफलेल्या वर्तुळांत बसवण्याची त्यांची पद्धत इतकी गाजली की जगभरचे चर्मकार तिला ‘शेरिडन शैली’ म्हणून ओळखतात. दुकानामागे गुरे पकडायच्या दोरांचे भांडार आहे आणि एक संग्रहालयही आहे. तिथे जुनी-नवी शेकडो खोगिरे रांगेने मांडलेली आहेत. १९८४ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ या भागात घोड्यांच्या निमित्ताने खासगी मुक्कामाला आली होती, तेव्हा तिनेही या दुकानाला भेट दिली. कोल्हापुरी चपलेची वेणी ज्याने कधी जवळून पाहिली आहे, त्याला या नक्षीमागचे कष्ट वेगळे सांगायला नकोत.

शेरिडनपासून थोड्याच अंतरावर बिग हॉर्न नावाचे खेडे आहे. तिथे पोलो खेळतात. आता गुराख्यांच्या मुलखात पोलो कुठून आला? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड-स्कॉटलंडच्या श्रीमंत घराण्यांतली काही मुले इथे येऊन घोड्यांची पैदास करू लागली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी त्यांनी ब्रिटिश फौजेला हजारो घोडे विकले. पोलो त्यांनीच आणला. आणि इंग्रजांकडे तो आला होता आपल्याकडून. मणिपूरच्या लोकांना खेळताना पाहून चहामळ्यांवरचे इंग्रज अधिकारी तो शिकले आणि १८५९ साली सिलचरला त्यांनी क्लब काढला. ‘पोलो’ हा शब्द चेंडूसाठीच्या बाल्टी भाषेतल्या शब्दावरून आला. उर्दू-फारसीच्या विद्यार्थ्यांना या खेळाचे जुने नाव ठाऊक असेल: चौगान. सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून मरण पावला. खेळसुद्धा मुसाफिर असतात, ते असे.

उन्हाळ्यात जुलैमध्ये शेरिडनचा रोडिओ भरतो. १९३१ पासूनची ही जत्रा. उधळलेल्या घोड्यावर टिकून राहणे, पळत्या वासराच्या गळ्यात दोर टाकणे, असे गुराख्यांचे खेळ त्यात असतात. आपल्याकडच्या उरुसाला जशी पंचक्रोशी लोटते, तशी त्या आठवड्यात भोवतालची सगळी वस्ती शहरात येते.

इथवर वाचून वाटेल की हे सुखी, रंगीबेरंगी शहर आहे. तसे ते आहेही. पण शिक्षकाच्या सवयीने आम्ही मुलांना नेहमी एक प्रश्न विचारायला सांगतो: या जागेवर याआधी कोण राहत होते?

शेरिडनच्या दक्षिणेला सुमारे वीस मैलांवर फोर्ट फिल कर्नी या किल्ल्याची जागा आहे. मोंटानात सोने सापडले म्हणून गोऱ्यांच्या गाड्या लाकोटा, शायान, अरापाहो या जमातींच्या शिकारीच्या मुलखातून जाऊ लागल्या. त्या वाटेच्या रक्षणासाठी १८६६ साली फौजेने हा किल्ला बांधला. जमातींनी विरोध केला. २१ डिसेंबर १८६६ रोजी कॅप्टन फेटरमन यांची ८१ जणांची तुकडी किल्ल्याबाहेर पडली आणि तिच्यातला एकही माणूस जिवंत परतला नाही. १८६८ मध्ये सरकारने तह केला, किल्ला सोडला, आणि मोकळा पडलेला किल्ला जाळला गेला. तहाच्या कागदावर हा मुलूख जमातींच्या शिकारीसाठी राखला होता. मग जवळच्या ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडले. दहा वर्षेही झाली नाहीत तोच त्या कागदाची किंमत उरली नाही. १८८२ साली इथे गोऱ्यांचे गाव वसले आणि त्याला नाव मिळाले जनरल फिलिप शेरिडन यांचे. याच जमातींविरुद्धच्या मोहिमा ज्यांच्या हुकमाने चालल्या, ते हेच सेनापती.

हे आम्ही अशासाठी सांगितले की कागद आणि वचन यांची गोष्ट याच शहरात पुढे आणखी एकदा घडली.

१९०९ साली शेरिडनमध्ये एक तरुण पठाण उतरला. नाव झरीफ खान. ‘ज़रीफ’ या उर्दू शब्दाचा अर्थ हजरजबाबी, नर्मविनोदी. माणूस खैबर खिंडीजवळच्या बारा या भागातला. दोन वर्षांपूर्वी, १९०७ मध्ये, सिएटल बंदरात तो अमेरिकेत दाखल झाला होता. शेरिडनच्या आसपास त्या वेळी कोळशाच्या खाणी जोरात होत्या. पोलंडपासून कुठकुठले मजूर तिथे राबत होते. गुराखी होते, रेल्वेचे कामगार होते. घरापासून लांब असलेल्या एवढ्या पुरुषांना रात्री-अपरात्री भूक लागायची. खानसाहेबांनी ती भूक ओळखली.

त्यांनी तमाले विकायला सुरुवात केली. तमाले हा मेक्सिकोचा पदार्थ. मक्याच्या पिठात मसालेदार सारण भरायचे, मक्याच्या कणसाच्या सालीत गुंडाळायचे आणि वाफवायचे. हळदीच्या पानातल्या पातोळ्या ज्यांच्या घरी होतात त्यांच्या डोळ्यांसमोर हा प्रकार लगेच येईल, फक्त सारण गोडाऐवजी तिखट. पठाणाने मेक्सिकोचा पदार्थ गोऱ्या गुराख्यांना विकायचा, हीच मोठी गंमत. आधी हातात भांडे घेऊन, मग ढकलगाडीवर, आणि पुढे स्वतःचे छोटे हॉटेल. हॅम्बर्गरही विकू लागले. गावाने त्यांना नाव दिले ‘हॉट तमाले लुई’. त्यांचे खरे नाव उच्चारायला जमेना म्हणून असेल, पण हे नाव टिकले. दारूचे अड्डे बंद झाल्यावर भुकेने कळवळणारी माणसेही त्यांच्याकडेच येत. खाऊ घालणाऱ्याचे दार गावात सर्वांत उशिरा बंद होते, हे आपण आपल्या मोहल्ल्यातही पाहतो. हाताशी पैसा जमला तसा ते शेअर बाजारात गुंतवू लागले आणि त्यातही त्यांनी चांगलीच कमाई केली.

त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व मागितले. १९२६ साली ते मिळाले. आणि थोड्याच काळात परत घेतले गेले.

कारण असे. १७९० च्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्या व्यक्तीला नागरिक होता येत असे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातला माणूस मात्र दोन्हींत बसत नव्हता. भगतसिंग थिंड हे पंजाबचे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकन फौजेत होते. ‘उत्तर हिंदुस्थानी माणूस वंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे कॉकेशियन, म्हणजे गोराच ठरतो,’ असा त्यांचा दावा होता. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असा त्या निकालाचा अर्थ. त्यानंतर नागरिक झालेल्या अनेक हिंदी लोकांचे कागद सरकारने रद्द करून घेतले. खानसाहेबांच्याच प्रदेशातले, पेशावरचे वैष्णो दास बगाई सान फ्रान्सिस्कोत दुकान चालवत होते. त्यांचेही नागरिकत्व गेले, आणि १९२८ मध्ये त्यांनी निराशेने जीव दिला. शीख, हिंदू, मुसलमान, सगळ्यांना कायद्याने एकाच मापाने मोजले.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वायोमिंगचे बिरुद आहे ‘समतेचे राज्य’. ते उगीच मिळालेले नाही. १० डिसेंबर १८६९ रोजी इथे स्त्रियांना मताचा हक्क देणारा कायदा झाला. अमेरिकेत इतर कुणीही तो दिला नव्हता तेव्हा. १९२५ मध्ये नेली टेलो रॉस या इथल्या गव्हर्नर झाल्या. त्या देशातली पहिली स्त्री गव्हर्नर ती हीच. म्हणजे ज्या राज्याच्या खुर्चीवर एक बाई बसलेली होती, त्याच राज्यात त्याच सुमारास एका तमालेवाल्याला त्याच्या वंशामुळे नागरिक मानायला नकार मिळाला. नागरिकत्वाचा कायदा राज्याचा नव्हता, देशाचा होता, हे खरे. पण समतेची पाटी लावलेल्या घरातही एखादी खोली अंधारात राहून जाते, हे ज्याने त्याने आपल्या घराबद्दलही तपासून पाहावे.

शेरिडनमध्येच दुसरीही अंधारी खोली होती. मूळ जमातींच्या लोकांना इथल्या काही दुकानांत प्रवेश नसे, तशा पाट्या लागत. १९५३ साली शहरातल्या काही गोऱ्या आणि जमातींतल्या काही मंडळींनी मिळून ‘ऑल अमेरिकन इंडियन डेज’ हा मेळा सुरू केला. ठिकठिकाणच्या जमातींनी इथे यावे, आपली कला, नाच, वेश दाखवावेत आणि शहराने त्यांना पाहुणे म्हणून वागवावे, हा हेतू होता. हा मेळा १९८४ पर्यंत चालला. एका मेळ्याने अन्याय धुऊन निघत नाही. पण ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांना दार उघडावे असे काहींना वाटले, आणि त्यासाठी त्यांनी तीस वर्षे खपले, हेही शहराच्या खात्यावर लिहिले पाहिजे.

आता खानसाहेबांकडे परत येऊ. कागद गेला. पुढे काय केले? दुसऱ्या दिवशी दुकान उघडले. आम्ही हे शब्दशः सांगत नाही, त्यांच्या त्या दिवसाची नोंद आमच्यापुढे नाही. पण पुढची पंचवीस-तीस वर्षे ते शेरिडनमध्येच तमाले आणि हॅम्बर्गर विकत राहिले, एवढे नक्की. आज पन्नाशी-साठीला पोचलेल्यांचे आजोबा-पणजोबा त्यांच्या दुकानात जेवले. सरकारी दफ्तरात ते परके होते. रस्त्यावर ते ‘आपला लुई’ होते.

१९५२ मध्ये अमेरिकेने वंशाची अट कायद्यातून काढली. १९५४ मध्ये झरीफ खान दुसऱ्यांदा नागरिक झाले. पहिल्या आणि दुसऱ्या शपथेमध्ये अठ्ठावीस वर्षांचे अंतर. सब्र हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचे वजन किती, हे अशा आकड्यावरून कळते.

साठी ओलांडल्यावर त्यांनी आपल्या मुलखात जाऊन निकाह केला, पत्नीला शेरिडनला आणले, आणि सहा मुले झाली. १९६४ साली पाकिस्तानच्या भेटीत नात्यातल्याच एका माणसाने त्यांचा खून केला. मागे तरुण विधवा आणि सहा लहान मुले. ती बाई आपल्या मुलखात राहिली नाही. मुलांना घेऊन ती वायोमिंगला परतली आणि तिथेच तिने त्यांना वाढवले. ज्या देशाने नवऱ्याला अठ्ठावीस वर्षे दारात ताटकळत ठेवले, त्याच देशातल्या एका छोट्या गावात तिला मुलांसाठी जास्त आसरा वाटला. या निर्णयाबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. आम्हाला तो या सगळ्या कहाणीतला सर्वांत धीट निर्णय वाटतो.

कहाणी इथे संपली असती तर आपण म्हटले असते, चला, शेवट गोड झाला. पण २०१५ मध्ये शेरिडनच्या पूर्वेला सुमारे शंभर मैलांवरच्या गिलेट शहरात खान घराण्यातल्या मंडळींनी एका घरात छोटी मशीद सुरू केली, तेव्हा काही लोकांनी विरोधाची मोहीम उघडली. हे कोण कुठून आलेले लोक, असा त्यांचा सूर होता. कोण कुठून? १९०९ पासूनचे. विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांची घराणी वायोमिंगमध्ये इतकी जुनी असतील, हा प्रश्न मनात येतोच. पुढच्या वर्षी कॅथरिन शुल्झ या लेखिकेने ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात ‘सिटिझन खान’ हा मोठा लेख लिहून ही सगळी हकीकत जगासमोर आणली. नागरिक खान. दोन वेळा कमावलेले ते बिरुद लेखाच्या माथ्यावरच आले. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी तो लेख जरूर मिळवून वाचावा.

मुसलमान वाचकाला ही गोष्ट वाचून दोन मोह होतात. पहिला मोह हा की बघा, सगळीकडे आपल्यावर अन्यायच. दुसरा मोह हा की बघा, आपला माणूस किती थोर. आम्ही मुलांना या दोन्हींपासून थोडे लांब उभे राहायला सांगतो. झरीफ खान राज्यकर्ते नव्हते, विद्वान नव्हते, धर्मप्रचारकही नव्हते. त्यांनी हलाल कमाई केली आणि गावाची भूक भागवली. कायद्याने नाकारले तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला दुसरे काहीच नव्हते, रोजचे काम होते. आणि गावाकडेही त्यांना द्यायला कागद नव्हता, रोजचे गिऱ्हाईकपण होते. एवढ्यावर माणूस पंचेचाळीस वर्षे एका जागी रुजतो.

म्हणून कागद महत्त्वाचा नाही, असे मात्र कुणी समजू नये. कागद फार महत्त्वाचा. बगाईंचा जीव त्या कागदापायी गेला. आपल्या घरातले जन्मदाखले, शाळेचे दाखले, निकाहनामे, जमिनीचे उतारे एका ठिकाणी, एकाच स्पेलिंगात, पाणी लागणार नाही असे ठेवा, हे आम्ही पालकांना दर वर्षी सांगतो आणि इथेही सांगतो. माणुसकी कागदाची जागा घेऊ शकत नाही. पण कागद कोरा पडतो तेव्हा माणूस तग धरतो तो शेजाऱ्याच्या भरवशावर. तेव्हा दोन्ही जपा.

शेरिडनला जाणारा प्रवासी एकोणसत्तर छपरे मोजतो, गुराख्याची हवेली पाहतो, रानगुलाबाच्या खोगिरांवरून हात फिरवतो. पाहण्यासारखेच आहे ते. पण विचार केला तर ही तीनही ठिकाणे कष्टकऱ्यांची आहेत. खोल्या झाडणारी केट, गुरे हाकणारा अनाथ मुलगा, चामडे कोरणारा कारागीर. त्या यादीत तमाले वाफवणाऱ्या खानसाहेबांचे नाव अगदी सहज बसते. आणि त्या सगळ्यांच्या आधी, त्याच ओढ्यांवर आपले घोडे पाण्याला आणणाऱ्या लाकोटा, शायान आणि क्रो लोकांचेही.

या महिन्याचा गृहपाठ सोपा आहे. रात्री दस्तरखानावर सगळे एकत्र बसलात की मुलांना विचारा: आपल्या गावात बाहेरून येऊन आपल्याला खाऊ घालणारे कोण कोण आहेत? पहाटे पाव आणणारा, नाक्यावरचा भेळवाला, हातगाडीवर मोमो विकणारा नेपाळी पोरगा, कुल्फीवाले चाचा. त्यांचे खरे नाव काय? गाव कुठले? किती वर्षे झाली? मुलांना माहीत नसेल तर दुसऱ्या दिवशी विचारून यायला सांगा. अदबीने विचारा म्हणावे, चौकशी केल्यासारखे नको. उत्तरे एका वहीत लिहून ठेवा.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.